पावसाची वही

आमच्या घरी जमाखर्चाच्या वह्यांबरोबर आणखी एक वही असे, पावसाची. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शेतात वडिलांनी एक साधा पर्जन्यमापक बसवला होता. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला ते साठलेले पाणी काचेच्या मापात ओतत, डोळे पातळीला समांतर आणून आकडा वाचत आणि वहीत टिपत. साडेआठच का, असे मी एकदा विचारले होते. "हवामान खातं देशभर याच वेळी मोजतं. आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी मांडता यायला हवा," ते म्हणाले. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरभर जमिनीवर एक लिटर पाणी, हे गणित मी शाळेत नव्हे, त्या बांधावर शिकलो.

त्या वहीची कसोटी एका सप्टेंबरात लागली. काढणीला आलेले सोयाबीन एका रात्रीत पाण्याखाली गेले. वहीत नोंद झाली ७८ मिलिमीटर; महसूल मंडळाच्या केंद्राचा आकडा आला ६१. मंडळात चोवीस तासांत किमान ६५ मिलिमीटर पडला तरच ती अतिवृष्टी. आमच्या शिवारातला पूर कागदावर नुसताच पाऊस ठरला. वडील वही घेऊन कचेरीत गेले. तेथील गृहस्थांनी ती आदराने चाळली आणि तितक्याच आदराने परत केली.

त्यात कोणी खोटे बोलले, असे मला आजही वाटत नाही. एका ओढ्याच्या दोन काठांवर वेगळा पाऊस पडतो. दोन्ही आकडे खरे असू शकतात. सलत राहिले ते निराळेच. मंडळाचे केंद्र नेमके कोठे आहे, हे कचेरीत कोणालाच सांगता आले नाही. आम्हीच ते शोधले. सात किलोमीटरांवर, एका भिंतीला खेटून ते उभे होते. आडोशाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक हवा, हा या शास्त्रातला प्राथमिक नियम.

कौटिल्याने कोठारात पाऊस मोजण्याचे कुंड ठेवायला सांगितले, तेव्हापासून पावसाचा आकडा राज्यसत्तेचा आहे. आता साधने वाढली आहेत. 'महावेध' प्रकल्पातून २०१७ पासून राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. २०२३ च्या 'विंड्स' योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचा संकल्प आहे. मंडळनिहाय पाऊस संकेतस्थळावर पाहताही येतो. परंतु आकडा दिसणे म्हणजे पारदर्शकता नव्हे. यंत्र कोठे आहे, शेवटचे केव्हा तपासले, किती दिवस बंद होते आणि हरकत कोणाकडे घ्यायची, हे ग्रामसभेत वाचले गेले पाहिजे. ज्या मोजमापात आपला हात नाही, त्यावर माणसे विश्वास ठेवत नाहीत. मग अचूक आकडाही संशयितच राहतो.

वडील गेले. वही मी चालवतो. गावात आता आणखी दोन पर्जन्यमापक आहेत. त्यांतला एक शाळेत, मुलांच्या ताब्यात. तिन्ही आकडे आणि शेजारी मंडळाचा चौथा, असे रोज चावडीवरच्या फळ्यावर लिहिले जातात. ते सहसा जुळत नाहीत. पण का जुळत नाहीत, यावर फळ्यापुढे उभे राहून माणसे वाद घालतात. वडिलांना त्या दिवशी कचेरीत एवढेच हवे होते.