अब्बांचे सरदार

इशाची नमाज आणि जेवण आटोपलं की आम्ही दोघे भाऊ तासभर संगणकासमोर बसतो. धाकट्यानं आणलेला खेळ आहे, ‘क्रुसेडर किंग्ज ३’. स्वीडनच्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीनं तो २०२० मध्ये काढला. नाव ऐकताच अम्मीच्या कपाळाला आठी पडली होती. पण या खेळात अमीर आणि सुलतानही होता येतं. आम्ही १०६६ साल निवडलं आणि सेल्जुकांचे सुलतान अल्प अर्सलान होऊन बसलो.

खेळात लढाया आहेत, पण खरी डोकेदुखी घरचीच. एवढं राज्य एकट्यानं सांभाळता येत नाही. मुलूख मांडलिक अमीरांना वाटून द्यावा लागतो. कर आणि फौज त्यांच्याकडून येते. प्रत्येकाच्या चित्राजवळ एक आकडा असतो, तुमच्याविषयी त्याचं मत सांगणारा. उणे शंभरापासून अधिक शंभरापर्यंत. त्यावर बाण नेला की कारणंही उलगडतात. शिवाय ज्याचा त्याचा स्वभाव लिहिलेला असतो. समाधानी माणूस धन्याशी जुळवून घेतो, महत्त्वाकांक्षी माणसाच्या मनात आधीपासूनच अढी असते. आणि नाराज अमीर एकत्र आले की गट बांधतात. गटाचं बळ वाढलं की निर्वाणीचा खलिता येतो. मान्य करा, नाहीतर यादवी.

पहिल्या डावात आम्ही धाकानं राज्य केलं. एका अमीराचा सुपीक मुलूख कारण नसताना काढून घेतला. जुलमी म्हणून नाव झालं. कुरकुर करणाऱ्यांना जरब बसावी म्हणून कैद्यांची मुंडकी उडवली. सगळे चिडीचूप. आम्हांला वाटलं, जमलं!

मग सुलतान वारला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. वडिलांची दहशत वारशात मिळत नाही, हे तेव्हा कळलं. हा मुलगा कनवाळू होता. आम्ही त्यालाही वडिलांसारखंच वागवायला गेलो. पण या खेळात माणूस स्वतःच्या स्वभावाविरुद्ध वागला की त्याच्या मनावरचा ताण वाढतो. प्रत्येक शिरच्छेदाबरोबर त्याचा ताण चढत गेला आणि एके दिवशी तो मनानं कोसळला. अमीरांनी खलिता धाडला. पाच वर्षांत राज्याच्या चिंध्या झाल्या.

खऱ्या इतिहासातही सेल्जुकांचं काही वेगळं झालं नाही. अल्प अर्सलान आणि त्यांचे पुत्र मलिकशाह यांचा कारभार वजीर निजाम-उल-मुल्क यांनी पेलला होता. राज्य कसं चालवावं यावर त्यांनी ‘सियासतनामा’ लिहिला. १०९२ मध्ये त्यांची हत्या झाली, काही आठवड्यांत मलिकशाहही गेले, आणि मग त्यांची मुलं आणि भाऊबंद तख्तासाठी एकमेकांशी लढत राहिले.

दुसरा डाव आम्ही जपून मांडला. मेजवान्या दिल्या, एका अमीराशी सोयरीक केली, म्हणजे तो विरोधी गटात जाणार नाही. तरीही सगळ्यांत बलाढ्य अमीराचा आकडा उण्यातच. नजराणा पाठवला, थोडा वर आला, पुन्हा उण्यातच. शेवटी कारणं वाचली. पहिल्याच ओळीत होतं: एवढा मातब्बर असून दरबारात त्याला जागा नाही.

आम्ही दोघंही गप्प झालो. दोघांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता.

अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या मागं बेकरी आम्ही चालवतो. भट्टीवरचे उस्ताद अब्बांच्या तरुणपणापासूनचे; आम्ही त्यांना चाचाच म्हणतो. दोन महिन्यांपूर्वी ते काम सोडून गेले. तेव्हापासून पाव कधी कच्चा, कधी करपलेला. दोन चहावाल्यांनी रोजची लादी बंद केली. पगार कमी पडला असेल, असं समजून आम्ही निरोप्याच्या हाती वाढवून देण्याचा निरोप पाठवला होता. उत्तर आलं नाही.

अब्बा मैद्याचं पोतं बदलायचं तरी चाचांना विचारत. आम्ही व्यापारीच बदलला, न विचारता. भट्टीवर कॅमेरा लावला, न सांगता. मालक कडक हवा, असं आम्ही ठरवलं होतं. आमच्यातला थोरला मुळात मऊ. चाचांना पहिल्यांदा आवाज चढवून बोलला, त्या रात्री त्याला झोप लागली नाही. नंतरही कित्येक रात्री लागली नाही.

दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही चाचांच्या घरी गेलो. पाकीट नेलं नाही. नव्या मैद्याचं मूठभर पीठ पुडीत बांधून नेलं.

“चाचा, हा मैदा कसा आहे ते सांगा.”

त्यांनी चिमूट बोटांत चोळली, थोडी जिभेवर ठेवली. बराच वेळ बोलले नाहीत.

“दोन महिन्यांनी विचारताय, बेटा.”

“चुकलं आमचं.”

चहा आला. चाचा म्हणाले, “तुमच्या अब्बांसाठी मी रात्र रात्र भट्टीपुढं उभा राहिलो. तुम्ही त्यांची मुलं आहात, म्हणून तुमच्यासाठीही उभा राहीन, असं तुम्ही धरून चाललात.”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. खेळात आकडा दिसतो, कारण दिसतं. घरी आणि दुकानात ते विचारावं लागतं, आणि ऐकूनही घ्यावं लागतं.

चाचा सध्या फक्त पहाटे दोन तास येतात. कणीक तपासतात, पोरांना शिकवतात. कॅमेरा आम्ही गल्ल्यावर हलवला, त्यांना विचारून. मैदा पुन्हा जुन्या व्यापाऱ्याकडूनच येतो. पूर्ण वेळ याल का, असं परवा विचारलं, तर म्हणाले, “रमजानपर्यंत बघू.”

आम्ही वाट पाहतो आहोत.