फ्लाखाऊच्या बसमार्गावर

साल्झबर्गहून ग्राझकडे जाणारी गाडी सुरुवातीला साल्झाख नदीच्या काठाकाठाने धावते. वेर्फेनच्या टेकडीवरचा होहेनवेर्फेन किल्ला मागे पडतो, बिशोफ्सहोफेनला स्की-उडीचा उतार दिसतो आणि मग गाडी साल्झाखला सोडून पूर्वेकडच्या घळीतून चढू लागते. मी राडश्टाटला उतरलो. सप्टेंबर सुरू होता, बर्फ फक्त लांबच्या शिखरांवर. समोरच्या कुरणांत गाई चरत होत्या आणि मला जायचं होतं स्कीपटू हर्मन मायरच्या गावाला, फ्लाखाऊला.

ऑस्ट्रियाच्या या मुलखाला पोंगाऊ म्हणतात. शेजारच्या क्लाइनार्लची आनमारी मोझर-प्र्योल स्कीच्या 62 विश्वचषक शर्यती जिंकली. बायकांमधला तिचा हा विक्रम 2015पर्यंत टिकला. पेट्रा क्रोनबर्गर इथून जवळच्याच फार्वेर्फेनची. 1992च्या ऑलिंपिकमध्ये तिने दोन सुवर्णपदकं मिळवली. असं गुणी पोर कोणाच्या नजरेतून सुटणं इथे अवघडच. मायर मात्र सुटला.

राडश्टाटहून फ्लाखाऊला जाणारी बस आल्टेनमार्क्टवरून जाते. 7 डिसेंबर 1972 रोजी मायरचा जन्म झाला तो या आल्टेनमार्क्टमध्ये. ‘अ‍ॅटॉमिक’ या स्की बनवणाऱ्या कंपनीचं ठाणंही इथलंच. 1955मध्ये आलोइस रोरमोझर या कारागिराने शेजारच्या वाग्राइनमध्ये तिची सुरुवात केली होती. मायर पुढे याच कंपनीच्या स्कीवर शर्यती जिंकला. जन्मगाव आणि अवजारांचा कारखाना एकाच थांब्यावर.

फ्लाखाऊ समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटरवर आहे. एन्स नदी गावातून वाहते, ती इथे अजून ओढ्याएवढीच. घरांच्या सज्ज्यांवर जिरेनियमची लाल फुलं लोंबतात आणि त्यांच्यामागे उतार सुरू होतात. मायरच्या आईवडिलांची इथे स्की-शाळा होती, त्यामुळे पोराच्या पायांत स्की लवकर आल्या. पंधराव्या वर्षी तो श्लाडमिंगच्या क्रीडाशाळेत दाखल झाला. राडश्टाटहून त्याच रेल्वेने पुढे गेलं की थोड्याच वेळात श्लाडमिंग येतं, इतकं ते जवळ. पण मायर अंगाने किरकोळ होता आणि वाढीच्या वयात त्याचे गुडघे दुखू लागले होते. शाळेने त्याला घरी पाठवलं.

घरी येऊन तो गवंडीकाम शिकला. उन्हाळ्यात विटा आणि सिमेंट, हिवाळ्यात वडिलांच्या शाळेत पर्यटकांना स्की शिकवायचं. अशी वर्षं गेली. अंगात ताकद आली, शरीर भरलं, स्थानिक शर्यती तो जिंकत राहिला; राष्ट्रीय संघाच्या यादीत मात्र त्याचं नाव नव्हतं.

गावामागच्या उताराच्या पायथ्याशी मी बराच वेळ उभा होतो. 6 जानेवारी 1996 रोजी विश्वचषकाची जायंट स्लॅलम शर्यत फ्लाखाऊला आली. शर्यतीआधी मार्ग नीट आहे ना हे पाहण्यासाठी काही स्कीपटूंना वरून सोडतात. त्यांची वेळ मोजली जाते, निकालात नाव येत नाही. तेवीस वर्षांच्या मायरला हे काम मिळालं. त्याची वेळ अशी आली की तो खरा स्पर्धक असता तर बारावा ठरला असता. इतक्या वर्षांत प्रशिक्षकांनी जे पाहिलं नव्हतं, ते घड्याळाने दाखवलं. पुढच्याच महिन्यात तो विश्वचषकात उतरला. वर्षभराने, फेब्रुवारी 1997मध्ये, गार्मिशला त्याने पहिला विजय मिळवला.

तो विजय सुपर-जीमधला होता. डाउनहिलला आधी सरावाच्या फेऱ्या मिळतात. सुपर-जीला त्या नाहीत. शर्यतीच्या सकाळी मार्ग एकदा नजरेखालून घालायचा, डोक्यात साठवायचा आणि दुपारच्या आत ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने खाली यायचं. मायरच्या 54 विश्वचषक विजयांपैकी 24 या प्रकारातले आहेत.

जगाला तो ठाऊक झाला तो मात्र एका आपटण्यामुळे. 13 फेब्रुवारी 1998, नागानो ऑलिंपिकची डाउनहिल, जागा हाकुबा. एका वळणावर तो हवेत उडाला, आडवा झाला, डोक्यावर-खांद्यावर पडला आणि संरक्षक जाळ्या तोडून बर्फात जाऊन थांबला. उठून त्याने हात हलवला. तीन दिवसांनी सुपर-जीचं सुवर्ण, त्यानंतर तीन दिवसांनी जायंट स्लॅलमचं. श्वार्झनेगरच्या ‘टर्मिनेटर’वरून लोक त्याला ‘हर्मिनेटर’ म्हणू लागले. विश्वचषकाच्या 1999-2000च्या हंगामात त्याचे बरोबर 2000 गुण झाले. पुरुषांमधला हा आकडा 2023मध्ये स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटने मागे टाकला.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो, कारण या कथेतला आणखी एक टप्पा याच भागातल्या रस्त्यावर घडला आहे. 24 ऑगस्ट 2001च्या संध्याकाळी मायर मोटरसायकलवरून घरी निघाला होता. राडश्टाटजवळ एका मोटारीशी टक्कर झाली. उजव्या पायाचं हाड असं मोडलं की पाय कापावा लागतो की काय, असा प्रश्न डॉक्टरांपुढे आला. पाय वाचला, आत धातूची सळई बसली. 2002चं सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिक हुकलं.

जानेवारी 2003मध्ये तो आडेलबोडेनला शर्यतीत परतला. पहिल्या फेरीत एकतिसावा आला. दुसरी फेरी पहिल्या तिसांचीच असते, म्हणून तो बाहेर. दोन आठवडे गेले नाहीत तोच, 27 जानेवारीला, कित्सब्यूलची सुपर-जी त्याने जिंकली. 2004मध्ये चौथ्यांदा एकूण विश्वचषक त्याच्या हाती आला. 2005मध्ये जायंट स्लॅलमचा जगज्जेता, 2006च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये एक रौप्य आणि एक कांस्य. शेवटचा विजय 2008मध्ये कॅनडातल्या लेक लुईसला. ऑक्टोबर 2009मध्ये निवृत्ती.

फ्लाखाऊचा तो उतार आता ‘हर्मन मायर विश्वचषक मार्ग’ म्हणून ओळखला जातो. 2010पासून जानेवारीत तिथे प्रकाशझोतात महिलांची रात्रीची शर्यत होते, आणि ती असते स्लॅलमची. डाउनहिल, सुपर-जी, जायंट स्लॅलम, कंबाइंड या चारही प्रकारांत मायर विश्वचषकाच्या शर्यती जिंकला. स्लॅलमची एकही नाही.