नळी काढण्याआधी

शेवटचा टाका पडला की सर्जनचं काम उरकतं. भूलतज्ज्ञ म्हणून माझी खरी जोखीम तिथून सुरू होते. पोट सैल राहावं म्हणून दिलेलं रिलॅक्सन्ट पोटापुरतं थांबत नाही. श्वासपटल आणि घशाचे बारीक स्नायूही त्याच्या ताब्यात असतात. त्यांची ताकद परतण्याआधी श्वासासाठी घशातून घातलेली नळी काढली, तर पेशंट पाण्याबाहेरच्या माशासारखा तडफडतो. शुद्धीत असतो, पण आवंढा गिळवत नाही आणि काय होतंय ते सांगायला आवाज फुटत नाही. याहून वाईट जाग नाही, असं मला मनापासून वाटतं.

रिलॅक्सन्टचा परिणाम उलटवण्यासाठी, म्हणजे रिव्हर्सलसाठी, आमच्याकडे मुख्यतः दोन औषधं आहेत. निओस्टिग्मिन १९३१ सालचं. मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात, तिथे ॲसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम ते अडवतं. ॲसिटिलकोलीन साचतं आणि रिलॅक्सन्टला जागेवरून हटवतं. पण एन्झाइम पुरतं अडलं की आणखी डोस देऊन काही साधत नाही. स्नायू अजून गाढ शिथिल असतील तर हे औषध तोकडं पडतं. शिवाय नाडी मंदावते, लाळ सुटते, म्हणून जोडीला ग्लायकोपायरोलेट द्यावं लागतं. परिणाम भरात यायला दहाएक मिनिटं लागतात, आणि पुढची केस बाहेर थांबलेली असताना तेवढी कळ काढायला कुणी तयार नसतं.

दुसरं औषध, सुगामाडेक्स, एन्झाइमच्या वाटेलाच जात नाही. ऑर्गॅनॉन कंपनीच्या स्कॉटलंडमधल्या प्रयोगशाळेत घडलेला हा ग्लुकोजच्या आठ घटकांचा पोकळ रेणू रोक्युरोनियम या रिलॅक्सन्टला रक्तातच आपल्या पोटात घेतो. युरोपात त्याला २००८ साली मान्यता मिळाली. अमेरिकेत ॲलर्जीच्या शंकेपायी २०१५चा डिसेंबर उजाडला. किलोला २ मिलिग्रॅम नेहमीचा डोस, गाढ शिथिलतेत ४. गाढ अवस्थेतून काही मिनिटांत पेशंटला बाहेर काढणं निओस्टिग्मिनला जमत नाही, हे मान्यच करायला हवं. मात्र ॲट्राक्युरियम या दुसऱ्या रिलॅक्सन्टवर सुगामाडेक्स अजिबात चालत नाही. किडनी निकामी झालेल्या पेशंटला मी बहुधा ॲट्राक्युरियमच देते, म्हणजे रिव्हर्सल कोणतं हे भूल देतानाच ठरून जातं.

तरीही कोणतं औषध चांगलं, या वादाआधी मी अंगठा पाहते. मनगटाशी, करंगळीच्या बाजूला, दोन इलेक्ट्रोड चिकटवायचे आणि अर्ध्या सेकंदाच्या अंतराने विजेचे चार हलके झटके द्यायचे. अंगठा चारदा आत वळतो. शिथिलता उरली असेल तर पहिली हालचाल ठसठशीत, चौथी दुबळी. चौथीला पहिलीने भागायचं, भागाकार ०.९ झाला की नळी काढायची. अडचण अशी की तो ०.४च्या वर गेला की बोटांना चारही हालचाली सारख्याच लागतात. या मधल्या पट्ट्यात अनुभवी हातही फसतो. पाच सेकंद डोकं उचलून धरणाऱ्या पेशंटमध्येही अशक्तपणा शिल्लक असू शकतो. म्हणून आकडा दाखवणारं यंत्र हवंच. सुगामाडेक्सच्या महागड्या व्हायलींवर खर्च करणाऱ्या हॉस्पिटलने आधी ते घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

गंमत म्हणजे याच पट्ट्यात, ०.४ ते ०.९च्या दरम्यान, निओस्टिग्मिन नीट काम करतं. अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शनातही तिथे त्याला जागा आहे. पेशंटच्या खिशाचा विचार करताना मला हे मोलाचं वाटतं. फुप्फुसं आधीच थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला रोक्युरोनियम दिलं असेल, तर मात्र मी सुगामाडेक्सचाच आग्रह धरते.

एक गोष्ट सहज राहून जाते. गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरकही सुगामाडेक्स थोडंफार बांधून ठेवू शकतं. एखादी गोळी चुकल्यासारखंच होतं. पुढचे सात दिवस दुसरी खबरदारी घ्यावी लागते. डिस्चार्ज कार्डावर मी हे मराठीत लिहिते आणि नातेवाइकांना बाहेर थांबवून त्या बाईलाच समजावून सांगते.