कोहमाऱ्याची बांधी आणि अंटार्क्टिकाचं हिम

26 मे 1999 रोजी श्रीहरिकोट्याहून ‘ओशनसॅट-1’ झेपावला. त्यावरचा ‘एमएसएमआर’ हा रेडिओमीटर पृथ्वीने स्वतःहून सोडलेली मायक्रोवेव्ह ऊर्जा टिपत असे. मुख्य काम समुद्राचं. पण कक्षा ध्रुवांजवळून जाणारी असल्याने अंटार्क्टिकाही नजरेखालून जाई. गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्यावरून दक्षिणेला निघालेला असा उपग्रह अर्ध्या तासाच्या आत त्या खंडावर असतो.

यंत्र तेच, हिशेब मात्र उलटा.

कोहमाऱ्याच्या आसपास आषाढात धानाच्या बांध्या पाण्याने भरल्या की उपग्रहाने टिपलेल्या ऊर्जेचा आकडा घसरतो. जमीन तेवढी गार झालेली नसते. पाणी मायक्रोवेव्ह कमी सोडतं. हिमात मात्र ओल शिरली की आकडा उसळतो. कोरड्या हिमाचे कण खालून येणारी ऊर्जा विखरून टाकतात; कणांभोवती पाण्याचा पातळ थर आला की विखुरणं थांबतं आणि हिम भरभरून ऊर्जा सोडू लागतं. त्यामुळे वितळण कोणत्या दिवशी सुरू झाली हे ओळखणं सोपं. तापमान सांगणं खूपच कठीण, आणि या विद्येचा खरा कस तिथेच लागतो.

समजा, हिम उणे 53 अंशांवर, म्हणजे 220 केल्व्हिनवर आहे आणि त्याची उत्सर्जकता, म्हणजे तापमानाच्या मानाने ऊर्जा सोडण्याचं प्रमाण, 0.85. उपग्रहाला दिसतात 187 केल्व्हिन. अभ्यासकाने उत्सर्जकता 0.86 धरली, तर उत्तर तब्बल अडीच अंशांनी चुकतं. कणांचा आकार, थरांची घनता, वाऱ्याने घट्ट झालेला पृष्ठभाग, सगळं त्या एका अपूर्णांकात दडलेलं असतं. म्हणून उभ्या ध्रुवणाचं, म्हणजे उभ्या दिशेने कंपणाऱ्या लहरींचं, मोजमाप अधिक विश्वासाचं: सुमारे 50 अंशांच्या तिरप्या नजरेला पृष्ठभागावरचं परावर्तन त्यात फार कमी असतं.

मग पडताळणी. भारताचं अंटार्क्टिकावरचं ‘मैत्री’ स्थानक 1989पासून चालू आहे आणि गोव्यातल्या वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ते सांभाळतं. पण ‘मैत्री’ शिर्माखेर या हिममुक्त पट्ट्यातल्या उघड्या खडकावर आहे. तिथला तापमापक भोवतालच्या हिमाची साक्ष देईलच असं नाही. उपग्रहाचा एक ठिपका तर कित्येक किलोमीटरांचा. हिमावरच रोवलेली स्वयंचलित हवामान केंद्रं इथे सोन्याच्या मोलाची.

शिवाय ऊर्जा किती खोलवरून येते, हा प्रश्न. 37 गिगाहर्ट्‌झ वारंवारतेची ऊर्जा हिमाच्या वरच्या थरांतून येते, 6.6ची कित्येक मीटर खालून. उन्हाळ्याची ऊब तिथवर झिरपायला वेळ लागतो, म्हणून 6.6चा वार्षिक आलेख चपटा असतो आणि त्याचा माथा 37च्या मागून येतो.