मननाचे शेवटचे वाक्य

दैनिक मनन हा मराठी ख्रिस्ती लेखनातील रोज वाचला जाणारा, पण क्वचितच तपासला जाणारा गद्यप्रकार आहे. पवित्र शास्त्रातील त्या दिवसासाठी नेमलेला उतारा, त्यावर दीडदोनशे शब्दांचे निरूपण आणि अखेरीस एका ओळीची प्रार्थना एवढ्या मापात तो बसतो. कुटुंबप्रार्थनेत तो मोठ्याने वाचला जातो आणि घरातील माणसे कामाला लागेपर्यंत बहुधा विसरलाही जातो. उतारा कसा निवडावा, मागचापुढचा संदर्भ किती द्यावा, मूळ प्रसंग चार ओळींत कसा उरकावा, हे या कामात मुरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मुरलेला हातही वर्षानुवर्षे जेथे अडखळतो ते ठिकाण म्हणजे मननाचे शेवटचे वाक्य, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

अडचण अशी की, मननाने वाचणाऱ्याला दिवसापुरता धीर द्यावा अशी मंडळीची अपेक्षा असते, आणि शास्त्र मात्र प्रत्येक पानावर धीर देत नाही. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे विलापाची, म्हणजे देवापुढे उघडपणे मांडलेल्या तक्रारीची आहेत. जर्मन अभ्यासक हर्मान गुंकेल (१८६२–१९३२) यांनी स्तोत्रांचे प्रकार पाडून दाखवल्यापासून हेही बहुतेक सर्वांना मान्य आहे की, विलापस्तोत्र सहसा अखेरीस वळण घेते आणि तक्रार करणारा स्तुतीला लागतो. मननलेखकाचा सगळा संसार या वळणावर चालतो. २२वे स्तोत्र टाकून दिल्याच्या आक्रोशाने सुरू होऊन मोठ्या सभेतील स्तवनापाशी पोचते. १३व्या स्तोत्राला वळायला सहाच वचने पुरतात. ८८वे स्तोत्र मात्र वळत नाही. कोरहाच्या वंशजांच्या संग्रहातील आणि हेमान एज्राहीच्या नावावर असलेल्या या स्तोत्रात बोलणारा रात्रंदिवस हाक मारतो, त्याला उत्तर मिळत नाही, सोबती दुरावतात, आणि १८व्या वचनाच्या शेवटी केवळ अंधार उरतो.

अशा स्तोत्रावर मनन लिहिण्याच्या युक्त्या या क्षेत्रात ठरून गेलेल्या आहेत. पहिली युक्ती म्हणजे आरंभीच्या वचनातील तारणाऱ्या देवाचा उल्लेख तेवढा घ्यायचा आणि उरलेली वचने वाचकाने स्वतः वाचावीत असे सुचवून मोकळे व्हायचे. दुसरी म्हणजे लागूनच असलेल्या ८९व्या स्तोत्राच्या आरंभीचे दयेचे गायन उसने आणायचे. आणि तिसरी, सर्वांत प्रतिष्ठित युक्ती म्हणजे थेट रिकाम्या कबरेपाशी उडी मारायची. तिसऱ्या युक्तीत सिद्धान्त म्हणून काहीही खोटे नाही, कारण पुनरुत्थान हाच ख्रिस्ती विश्वासाचा पाया आहे. तथापि शुक्रवारचा उतारा हातात असताना रविवारचे वाक्य लिहिणारा लेखक मधला शनिवार वाचकाच्या वतीने परस्पर खर्ची घालत असतो, आणि ज्याच्या घरी तो शनिवार अजून चालू आहे अशा वाचकाला हे सर्वांत आधी कळते.

हा उतावळेपणा आजचा नव्हे. विलापगीताचा पाचवा अध्याय देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय, अशा सुरात संपतो. सभास्थानातील वाचनात शेवटचे २२वे वचन झाल्यावर २१वे, म्हणजे परत आणण्याची विनवणी करणारे वचन, पुन्हा म्हणण्याची यहुदी प्रथा आहे, जेणेकरून वाचन कटू शब्दावर थांबू नये. मार्ककृत शुभवर्तमान चौथ्या शतकातील सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत १६व्या अध्यायाच्या ८व्या वचनावर, म्हणजे भयभीत स्त्रिया कबरेपासून पळून जाऊन कोणाला काही सांगत नाहीत, येथेच थांबते. त्यापुढची १२ वचने नंतरच्या हाताने जोडली गेली असे बहुतेक अभ्यासक मानतात. कॅथलिक धर्मसभेने प्रहरांच्या प्रार्थनांची, म्हणजे दिवसाच्या ठरावीक वेळी म्हणावयाच्या स्तोत्रप्रार्थनांची, नवी रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही शापवाणीची तीन स्तोत्रे वगळली, परंतु ८८वे स्तोत्र ठेवले आणि तेही शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत. हा निर्णय धाडसाचा होता, आणि पहाटेचे मनन लिहिणाऱ्यांनी त्यापासून जेवढे शिकायला हवे होते तेवढे ते शिकलेले नाहीत. ईयोबाच्या पुस्तकात त्याचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसतात, तोवर त्यांच्या वागण्यात काही उणे काढता येत नाही; ते समजूत घालू लागतात तेथून बिघडते, आणि ४२व्या अध्यायात देवाचा कोप ईयोबावर न होता त्यांच्यावर होतो. हे तिघे जगातील पहिले मननलेखक होते असे म्हणण्यास हरकत नसावी.

मराठी मननलेखकाच्या बाबतीत या सार्वत्रिक मोहाला एक देशी कारणही जोडले जाते. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपल्या नाममुद्रेसह, म्हणजे नावाच्या ठशासह, पुढे येतो आणि मराठी कान त्याची वाट पाहत असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती अभंगांत ‘दास’ ही मुद्रा वापरली, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानत. मननाच्या शेवटच्या वाक्याला जो सुभाषिताचा डौल येतो तो या चरणाचा वारसा आहे; फरक एवढाच की, तुकोबांची मुद्रा मिरवणारे कित्येक अभंग देवाशी भांडत भांडतच थांबतात, आणि मननाने मुद्रा घेतली पण भांडण टाकून दिले. टिळकांची गोष्ट निघाली की प्रस्तुत लेखकासारख्या गोंदियाच्या लेखकाला आणखी एक मोह आवरत नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला, आणि तो लोहमार्ग गोंदियावरूनच जातो. लक्षणीय वाटेल तेथे पेन्सिलीने खूण करायची असे ठरवून त्यांनी ते पुस्तक वाचायला घेतले, मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या पेन्सिलीच्या खुणांना कोणाच्या शेवटच्या वाक्याची गरज पडली नव्हती, ही बाब टिळकांचा वारसा सांगणाऱ्या मननलेखकांच्या ध्यानात येत नाही.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचा आणि माजी मालगुजारी तलावांचा आहे; येथील ख्रिस्ती मंडळ्या लहान, आणि एका बाकावर मराठी, हिंदी, छत्तीसगढी अशा बोली शेजारी शेजारी बसलेल्या. अशा ठिकाणी मनन लिहिणाऱ्याला भूमीतील दाखला सापडला की धन सापडल्यासारखे वाटते. प्रस्तुत लेखकाच्या नावावर असा एक दाखला जमा आहे: पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, वाफ्यातून उपटले जातात तेव्हाच ते मोठ्या बांधीत रोवले जाऊन भरघोस लोंबी धरतात, तसेच देव ज्याला येथून उपटतो त्याला तेथे रोवतो. योहानाच्या १२व्या अध्यायातील जमिनीत पडून मरणाऱ्या दाण्याच्या वचनावर लिहिलेले हे वाक्य मंडळीला आवडले, अंत्यविधीच्या उपासनांत वाचले जाऊ लागले, आणि एकदा ते व्यासपीठावरून लेखकाचे नाव न घेता उच्चारले गेले तेव्हा लेखकाला जेवढा संकोच वाटायला हवा होता त्याहून कितीतरी अधिक आनंद झाला, आणि नाव न घेतल्याचा रागही आला. लेखकाच्या मते ते वाक्य आजही चांगले आहे.

त्या वाक्याबद्दल शंका घेतली ती एका शिकाऊ लेखिकेने. प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून आठवड्यातील काही दिवसांचे मनन मंडळीतील या तरुण शिक्षिकेकडे सोपवलेले आहे. तिच्या घरी धानाची शेती आहे, आणि ‘काका, पाऊस लांबला की पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडतात, ते कुठे रोवले जातात?’ असे तिने जे विचारले ते कोणत्याही धर्मशास्त्रीय आक्षेपापेक्षा अवघड होते. पुढे वाचनक्रमात ८८वे स्तोत्र तिच्या वाट्याला आले. तिने स्तोत्रात काय घडते ते सांगितले, बोलणारा देवाशीच बोलत राहतो एवढे दाखवले, आणि १८व्या वचनापाशी लेखणी उचलली. प्रार्थनेची ओळही लिहिली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ते मनन गेल्यावर संदेश अर्धाच आला की काय, अशी विचारणा करणारे फोन आले, आणि एरवी त्या गटावर उमटणारे जोडलेल्या हातांचे चिन्ह त्या सकाळी तुरळक दिसले. ते तुरळक आहे हे पाहून प्रस्तुत लेखकाला बरे वाटले, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी की, तिचे मनन वाचता वाचता त्याला एक सुरेख शेवट सुचला, तो त्याने वहीत लिहून ठेवला, आणि तो अजून तेथेच आहे. तिच्या मननाला त्याची गरज नव्हती हे त्याला पहिल्याच वाचनात समजले होते.

अर्थात संयमाने थांबणे आणि लिहायला काही नसल्यामुळे थांबणे यांतील फरक आजच्या मननव्यवहारात पुसट होत चालला आहे. उगवत्या सूर्याच्या चित्रावर एक वचन चिकटवून पाठवणे याला मनन म्हणण्याची रूढी पडली आहे, आणि त्यासाठी निवडलेली वचने पाहिली तर शास्त्र म्हणजे शुभेच्छापत्रांचे दुकान आहे असा समज व्हावा. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातील ११वे, हिताच्या संकल्पांचे वचन सर्वत्र फिरते. ते बाबेलात बंदिवासात नेलेल्यांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या आधीचेच वचन त्यांना सत्तर वर्षे थांबायला सांगते, हे त्या चित्रात मावत नाही. फिलिप्पैकरांस पत्रातील सर्व काही करण्यास शक्तिमान असल्याचे वचन परीक्षेच्या आणि नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी पाठवले जाते. ते बंधनात असलेल्या पौलाने भूक आणि तृप्ती या दोन्हींविषयी लिहिलेले आहे. दुसरीकडे परदेशी मननांची भाषांतरे आहेत, ज्यांत मे महिन्याच्या तेंदूपत्त्याच्या हंगामात वाचकाला अंगणातील बर्फ उकरणाऱ्या शेजाऱ्याचा दाखला मिळतो. दोन्हींपेक्षा पूर्वीचे पाळक साहेब बरे होते, कारण त्यांचे मनन कंटाळवाणे असले तरी त्यात उतारा पूर्ण असे.

उतारा किंवा वचन स्वतःच्या पायावर उभे राहू शकते याचा पुरावा या प्रकाराच्या मुळाशीच आहे. जर्मनीतील हेर्नहुट येथे मोरेव्हियन मंडळीत १७२८ मध्ये दिवसाचे बोधवचन घरोघरी सांगण्याची प्रथा सुरू झाली, आणि १७३१ सालापासून ती वचने पुस्तकरूपाने छापली जाऊ लागली, ती आजतागायत. त्यात जुन्या करारातील वचन चिठ्ठी टाकून काढतात, त्याला नव्या करारातील एक वचन जोडतात, आणि सोबत एखादे गीताचे कडवे किंवा छोटी प्रार्थना देतात, निरूपण नसते. चिठ्ठीने निघालेले वचन सोयीचे असेलच असे नाही, आणि तरीही जवळजवळ तीन शतके लोक ते वाचत आले. निवड लेखकाच्या हाती आली तेव्हा सोय आली, आणि सोयीबरोबर शेवटचे वाक्य आले.

मराठीत या बाबतीत सर्वांत कठोर उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) आहे. दुष्काळात आईवडील आणि बहीण, पुढे भाऊ आणि पती, आणि १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा, असे एकेक जण गेल्यावरही त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम तडीस नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. भाषांतरकाराला ८८वे स्तोत्र गाळता येत नाही, आणि त्याला शेवट जोडताही येत नाही. १८वे वचन झाले की ८९वे स्तोत्र सुरू करावे लागते. मननलेखकाने हीच शिस्त आपल्यावर का लादून घेऊ नये, याला प्रतिष्ठेच्या हौसेखेरीज दुसरे कारण दिसत नाही.

म्हणून वर्षाचा वाचनक्रम ठरवणाऱ्या मंडळ्यांना आणि मासिकांना विनंती अशी की, त्यांनी ८८वे स्तोत्र वगळू नये, त्याची पहिली दोन वचने देऊन वेळ मारून नेऊ नये, ते १८ वचनांसह पूर्ण द्यावे. आणि ज्याच्या वाट्याला तो दिवस येईल त्याने, वहीत कितीही सुरेख वाक्य तयार असले तरी, अठराव्या वचनानंतर काही लिहू नये.