तळाचा आकडा

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गॅस तपासणीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सर्वांत जास्त झगडावं लागलं ते एका वाक्याशी: "साहेब, वास गेलाय, उतरू का?"

मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंट वॉशमध्ये सल्फेट भरपूर असतं. हवेवाचून ते सडलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. 1 पीपीएमपेक्षा कमी असतानाही त्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. 100 च्या आसपास मात्र काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास गेला तो गॅस वाढल्यामुळेही असू शकतो. हे मी कितीदा तरी सांगितलं, पण पटलं ते स्पेंट वॉशच्या टाकीवरच. झाकणाशी ऑक्सिजन 20.9 टक्के, सल्फाइड शून्य. नळी तळाला पोचली आणि मीटर कर्कश वाजू लागला. हा गॅस हवेपेक्षा जड, मिथेन हलका. म्हणून वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं, नळीतून हवा वर यायला वेळ द्यायचा. तळ स्वच्छ निघाला तरी काम संपेपर्यंत मीटर कामगाराच्या छातीवर हवाच. गाळ ढवळला की आत अडकलेला गॅस सुटतो. टाकीत उतरण्याचं सकाळचं परमिट जेवणानंतर चालत नाही, यावर मी कधीच तडजोड केली नाही.

2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 36 नुसार जागा सुरक्षित असल्याचा दाखला देणाऱ्याने चाचणी स्वतः करायची असे. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर सही करून माणूस खाली सोडणं मला मान्य नाही.

रोज सकाळी प्रत्येक मीटरला छोट्या सिलिंडरमधला ठरावीक गॅस दाखवून अलार्म वाजतो का ते पाहतो. मेलेला सेन्सरही शून्यच दाखवतो. या सिलिंडरचा खर्च दर वर्षी खुपायचा. मी दर वर्षी भांडायचो.

ठेकेदाराच्या माणसांना मीटर द्यायलाही विरोध झाला. हरवतील, म्हणाले. पण टाकीत सर्वांत जास्त वेळ तीच माणसं असतात! आता हजेरीबरोबर मीटर देतो, संध्याकाळी त्यातली नोंद उतरवून घेतो, आणि ज्या टाकीवर अलार्म वाजला, तिथे दुसऱ्या दिवशी ब्लोअर आधी चालवून पुन्हा मोजल्याशिवाय परमिट निघत नाही.