नागीण आणि रात्रीची जागरणं

सासूबाईंना अर्धांगवायू झाला, त्यांचं सगळंच अंथरुणात आलं, आणि तेव्हापासून सलग झोप कशी असते ते मी विसरले. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसा शाळा, घरी आल्यावर भरवणं, अंग पुसणं, चादरी धुणं. तक्रार करायला सवड नव्हती आणि करावीशी वाटतही नव्हती. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच काढली होती.

चैत्रात, पारोळ्यातल्या घरांच्या भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असतात अशा दिवसांत, माझ्या उजव्या कुशीत आग होऊ लागली. कातडीवर काहीच दिसेना, पण पदर घासला तरी जीव कळवळायचा. आधी पित्त वाटलं, मग लचक. दोन-तीन दिवसांनी त्याच जागी लाल चट्टे आणि पाण्याने भरलेले बारीक फोड उठले. पाठीच्या कण्यापासून पोटाकडे वळलेला पट्टाच. शेजारच्या आजींनी पाहताक्षणी सांगितलं, "नागीण शे ती. तोंडले शेपटी भिडनी का माणूस वाचस नही." गेरूचा लेप लावून देणारा माणूसही त्यांनी सुचवला. त्यांची माया खरी होती आणि भीतीही. मी मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का? आल्या होत्या, आजोळी कडुनिंबाच्या पाल्यावर मला निजवलं होतं. दुसरा प्रश्न, रात्री झोप किती होते? त्यावर मला रडू आलं.

कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. पाठीच्या कण्यालगत चेतापेशींच्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षं पडून राहतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी टी पेशी त्याच्यावर पहारा देतात. वय वाढलं, मोठं आजारपण आलं, काही औषधांनी प्रतिकारशक्ती दबली की पहारा सैल पडतो, आणि विषाणू त्याच चेतातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. डाव्या-उजव्या बाजूचे चेतातंतू वेगळे असल्यामुळे पट्टा सहसा अंगाच्या मध्यरेषेवर थांबतो. तोंड आणि शेपटी भिडण्याची गोष्ट त्यामुळे खरी नाही.

हे कोडं सोडवण्यात एका लहान गावातल्या डॉक्टरचा मोठा वाटा आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. एडगर होप-सिम्पसन इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर इथे साधी प्रॅक्टिस करत. सुमारे ३,५०० रुग्णांच्या आपल्या दवाखान्यात त्यांनी १६ वर्षं नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. असे १९२ रुग्ण झाले. त्यावरून १९६५ साली त्यांनी मांडलं की नागीण म्हणजे शरीरात दडलेल्या जुन्या कांजिण्यांचाच विषाणू, प्रतिकारशक्ती ओसरल्यावर बाहेर पडलेला.

पण काळजी-जागरणाचा आणि टी पेशींचा काय संबंध? सततच्या काळजीत मेंदूकडून निरोप जातात आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडत राहतात. हे द्रव्य प्रतिकारपेशींचं काम आवरतं. शिवाय प्लीहा आणि लसिका ग्रंथी, जिथे या पेशींचा मुक्काम असतो, तिथवर चेतातंतू थेट पोचलेले आहेत. उलट निरोपही येतात. तापात जेवण नकोसं होतं, अंधारात पडून राहावंसं वाटतं, ते प्रतिकारपेशींनी सोडलेल्या द्रव्यांमुळे मेंदूच तसं करायला लावतो म्हणून. घरातल्या बाईने अशा वेळी अंग टाकलं तर त्याला आळस म्हणणं मला आता सहन होत नाही.

१९९५ साली अमेरिकेत ओहायो राज्यात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, तसा भार नसलेल्या १३ स्त्रिया. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. दुसऱ्या गटाची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली, शुश्रूषा करणाऱ्यांची जवळपास ४९ दिवसांत. प्रयोग लहान होता, पण त्या १३ जणी मला आमच्या गल्लीतल्याच वाटल्या.

माझी नागीण जागरणानेच उठली, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझं वयही पन्नाशीपुढचं आहे. आणि मन खंबीर ठेवलं की आजार पळतो, हेही मला पटत नाही. मी बरी झाले ती ॲसायक्लोविरच्या गोळ्यांनी. फोड वाळले, आग मात्र पुढे कित्येक महिने राहिली. धुळ्याहून नणंदबाई आल्या, रात्रीची पाळी त्यांनी घेतली, घरच्या पुरुषांनी कूस बदलायला शिकून घेतलं.

म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते. अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन फोड उठले, तर लेपात आणि मंत्रात दिवस घालवू नका. विषाणूविरोधी गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी पडतात. डोळ्याजवळ फोड आले तर एक दिवसही थांबू नका. आणि तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल, तर त्याची सेवा करणाऱ्या माणसाला आठवड्यातल्या काही रात्री तरी पुरती झोप मिळेल, अशी पाळी आजच लावा.